बंड कोणाचे, खंड कोणाला?

सांताक्रूझच्या पूर्वेला, कलिन्याच्या विद्यानगरीत, मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे. तेथून थोड्याच अंतरावर वांद्रे-कुर्ला संकुल सुरू होते. त्या संकुलात २००७ साली रॉजर वॉटर्स गाऊन गेले, २०१७ साली एड शीरन. इकडे ढोलकी, तिकडे विजेवरची गिटार; आणि दोहोंच्या मध्ये वाकोला-कलिन्याच्या चाळींतला, झोपड्यांतला तरुण. त्याला इकडे तालमीला जागा नाही, तिकडचे तिकीट परवडत नाही. रॉक संगीतावर मराठीत जो वाद झडतो, त्यात हा तरुण कोठेच नसतो. एक पक्ष म्हणतो, हा पाश्चात्त्य धिंगाणा आहे, याने संस्कृती बुडाली. दुसरा म्हणतो, हेच तरुणांचे बंड आहे, त्यापुढे माना तुकवा. एका प्रश्नाला मात्र दोन्ही पक्ष बगल देतात : या संगीताची मालकी कोणाची?

पंकच्या पाठोपाठ आलेल्या 'न्यू वेव्ह' प्रवाहातील 'द पोलिस' या बँडची कारकीर्द या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार उपयोगी आहे. १९७७ साली लंडनमध्ये हा बँड उभा राहिला. त्याचे गायक स्टिंग, म्हणजे गॉर्डन समनर, हे वॉल्सेंड या जहाजबांधणीच्या गावातले, दूधवाल्याचे पुत्र आणि पेशाने शाळामास्तर. पहिली तबकडी निघाली ती जेमतेम १५० पौंडांत, तीही स्वतःच्या छोट्या कंपनीकडून. १९७८ चा पहिला संग्रह दीड हजार पौंडांच्या आसपास उरकला. न्यू वेव्हचे खरे सामर्थ्य येथे होते. बड्या कंपनीच्या दारात हात जोडून उभे न राहता चार पोरांनी वाद्ये जुळवावी, भाड्याच्या खोलीत ध्वनिमुद्रण करावे आणि आपला माल आपण विकावा, हे शक्य झाले. उत्पादनाची साधने काही काळ कारागिराच्या आवाक्यात आली.

पण बाजार झोपलेला नव्हता. या बंडखोरांचे जगप्रसिद्ध सोनेरी केस कोठून आले? च्युइंगगमच्या एका जाहिरातीसाठी त्यांनी ते रंगवून घेतले होते! भांडवलशाही बंडाला फाशी देत नाही. ती त्याला वेष्टनात बांधते आणि किंमत लावते.

मार्च १९८० मध्ये हा बँड मुंबईत आला. विमानाने येणारा परदेशी पाहुणा त्या काळी सांताक्रूझलाच उतरे. कार्यक्रमाचे यजमानपद टाइम अँड टॅलेंट्स क्लब या स्त्रियांच्या सेवाभावी संस्थेकडे होते. म्हणजे ज्या संगीताला ब्रिटनमधील बेकारीची आणि मोडकळलेल्या वस्त्यांची पार्श्वभूमी होती, ते येथे इंग्रजी शिकलेल्या सुखवस्तू वर्गाच्या हाती पडले. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधील बेकारांची संख्या ३० लाखांवर गेली आणि त्याच महिन्याच्या १८ तारखेला गिरणगावातील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. दोन्हीकडच्या कामगारांच्या पोरांचे दुःख एका जातीचे होते. पण लंडनचा सूर लालबाग-परळपर्यंत पोचला नाही. त्याला अडवले ते भाषेपेक्षा तिकिटाने आणि वर्गाच्या भिंतीने.

या बँडच्या संगीताचा एक मोठा आधार होता जमैकाचा रेगे. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत जन्मलेली ही लय. १९७९ च्या संग्रहाचे नावच 'गोरा रेगे' या अर्थाचा शब्दखेळ करते. उसनवारी हा गुन्हा नव्हे. आपली पेटीसुद्धा युरोपातूनच आली. शिवाय उत्तर आयर्लंडच्या यादवीवर गाणे करण्याचे धैर्यही या बँडने १९८१ साली दाखवले आणि बी.बी.सी.ने त्याचे चित्रण दाखवण्याचे नाकारले. प्रश्न मिळकतीचा आहे. किंग्स्टनच्या कित्येक वादकांनी हातावर टेकवलेल्या एकरकमी मजुरीत ज्या लयी घडवल्या, त्यांच्या आधाराने इतरत्र इमले उठले.

पुढे बँडच्या आतही तेच घडले. १९८३ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर प्रचंड गर्दी जमवून हे तिघे थोड्याच काळात विखुरले. त्या वर्षीच्या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यावर रचनाकार म्हणून नाव एकट्या स्टिंग यांचे. त्यातील गिटारची ओळखीची सुरावट बसवली अँडी समर्स यांनी. २०२२ साली स्टिंग यांनी आपल्या गीतांचे हक्क युनिव्हर्सल या कंपनीला विकले. २०२५ साली समर्स आणि ढोलवादक स्टुअर्ट कोपलंड यांनी मानधनाच्या वाट्यासाठी लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. कायदा कोणाच्या बाजूने, हे न्यायालय पाहील. अर्थशास्त्र एवढेच सांगते की जमीनदार न पेरता जे घेतो त्याला खंड म्हणतात, आणि गाण्याच्या मालकी हक्काचे उत्पन्न आता तसाच खंड झाले आहे. घाम तिघांचा, नाव एकाचे, आणि शेत अखेर कंपनीचे.

हे दूरच्या देशाचे गाऱ्हाणे नव्हे. हिंदी चित्रपटांची किती तरी गाणी गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि संयोजकांनी सजवली. शंकर-जयकिशन यांच्या संगीतामागे सेबॅस्टियन डिसोझा उभे होते, हे किती श्रोत्यांना ठाऊक आहे? २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनाचा वाटा सुरक्षित केला, कलावंतांचाही हक्क मान्य केला. परंतु मागच्या रांगेत बसणाऱ्या व्हायोलिनवाल्याला तो हक्क बजावता येईल, अशी संघटित ताकद उभी राहिल्यावाचून कायदा कागदावरच राहतो.

जानेवारी २०२४ मध्ये स्टिंग पुन्हा मुंबईत गायले, या वेळी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, बड्या व्यापारी महोत्सवात. दरम्यान धोबीतलावचे सरकारी रंगभवन, जेथे मुंबईच्या रॉक वादकांच्या पिढ्या घडल्या, शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे संगीताला मुकले. रुग्णांना शांतता हवीच. पण एक सार्वजनिक रंगमंच बंद करताना दुसरा उघडण्याची जबाबदारी सरकारने घेतली नाही.

म्हणून मागणी रॉकवर बंदीची नको, त्याच्या आरतीचीही नको. वांद्रे-कुर्ला संकुलात महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे जे मैदान आहे ते जनतेचे आहे. तेथील वर्षाचे काही दिवस स्थानिक कलावंतांसाठी नाममात्र भाड्याने राखून ठेवावेत. व्यापारी कार्यक्रमांच्या भाड्याचा एक हिस्सा सांताक्रूझ-कुर्ल्यातील महापालिका शाळांत संध्याकाळी तालमीच्या खोल्या उघडण्यासाठी खर्च व्हावा. प्रत्येक वादकाशी लेखी करार व्हावा आणि त्यात त्याचा वाटा नमूद असावा. ढोलकी असो वा गिटार, वाद्याला जात नाही. मालकीला मात्र वर्ग असतो. वाकोल्याच्या पोराला उद्या स्वतःचे बंड गाता यावे आणि त्याचे पीकही त्याच्याच घरी यावे, यासाठी समाजवाद्यांनी संगीताच्या प्रश्नाकडे करमणुकीचा नव्हे, श्रमाचा प्रश्न म्हणून पाहिले पाहिजे.