सत्कारासोबत पगारही हवा

रस्त्यावरच्या मुलांसाठी झिजणाऱ्या कार्यकर्त्याचे कौतुक करण्यात महाराष्ट्र कधी हात आखडता घेत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या मंगरूळ चव्हाळा येथे ‘प्रश्नचिन्ह’ ही आश्रमशाळा उभी करणारे मतीन भोसले हे त्याचे ठळक उदाहरण. फासेपारधी समाजातला हा तरुण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता. ती नोकरी सोडून, भीक मागत फिरणारी आपल्या समाजाची मुले गोळा करून त्यांनी २०१२ मध्ये शाळा सुरू केली. १८७१ च्या कायद्याने या समाजावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण गावात चोरी झाली की संशयाची सुई आजही आधी पारध्यांच्या पालाकडे वळते. अशा घरांतली मुले बाकावर आणून बसवणे हे किती चिवट काम आहे, ते सांगायला नको. भोसले यांचा गौरव झाला, तो योग्यच होता. पुढे समृद्धी महामार्गाच्या आखणीत याच शाळेच्या वर्गखोल्या आणि वाचनालय सापडले, आणि पर्यायी सोयीसाठी शाळेलाच झगडावे लागले. आपण माणसाला डोक्यावर घेतो, पण त्याच्या कामाला हक्काची जागा देत नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

ठाण्यात वेगळे घडले. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये सिग्नल शाळा सुरू झाली. भटू सावंत आणि त्यांच्या ‘समर्थ भारत व्यासपीठ’ या संस्थेने पुढाकार घेतला, आणि ठाणे महापालिका सोबत आली. सिग्नलवर गजरे विकणारी मुले आई-बापांच्या नजरेच्या टप्प्यात, कंटेनरमधल्या वर्गात बसू लागली. आधी अंघोळ, मग गणवेश, मग खाणे आणि त्यानंतर फळा, असा तिथला क्रम. या मुलांमधून दहावी उत्तीर्ण होणारेही निघाले. इथे कार्यकर्त्याच्या तळमळीला महापालिकेच्या जागेचे आणि मान्यतेचे बळ मिळाले. तळमळ मंगरूळ चव्हाळ्यातही तेवढीच होती.

आता नाशिककडे पाहू. रामकुंडावर दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी शोधणारी मुले आपण रोज पाहतो. मुंबई नाका आणि द्वारकेच्या सिग्नलवर गाड्यांच्या काचा पुसणारी, फुगे विकणारीही पाहतो. राज्याच्या महिला व बालविकास विभागाने रस्त्यावरील मुलांसाठी ‘फिरते पथक’ प्रायोगिक पातळीवर सुरू केले, त्यात नाशिक जिल्हाही होता. कल्पना उत्तम आहे. पण पथकाची बस नुसती जाऊन उभी राहिली म्हणून मूल तिच्यात चढत नाही. बसमधली ताई कालचीच आहे आणि ती उद्याही येणार आहे, याची त्याला खात्री लागते. आईचा विश्वास बसायला तर महिने जातात. आधार कार्ड, जन्माचा दाखला, शाळेतले नाव, लसीकरण ही सगळी कामे त्या ओळखीच्या जोरावर होतात. अशी ओळख अकरा महिन्यांच्या कंत्राटावर किंवा तुटपुंज्या मानधनावर टिकत नाही. कार्यकर्ता बदलला की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

अशा कार्यकर्त्याला कायम, पगारी पद द्या म्हटले की तीन हरकती येतात. पहिली, सोयी दिल्या की रस्त्यावरची कुटुंबे वाढतील. पण ही कुटुंबे शहरात येतात ती दुष्काळामुळे, भूमिहीनतेमुळे आणि रोजगारासाठी, फिरत्या वर्गासाठी नव्हे. भीक मागण्यावर बंदी घालण्याचा विचार करायला २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नकार दिला आणि हा सामाजिक-आर्थिक प्रश्न असल्याचे सांगितले. दुसरी हरकत, उंटवाडीचे बालनिरीक्षणगृह आणि बालकल्याण समिती असताना आणखी काय हवे? पण २०१५ च्या बालन्याय कायद्याचेच तत्त्व आहे की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. त्याआधीचे सगळे उपाय रस्त्यावर, पालावर जाऊन करायचे असतात आणि ते करणारा माणूस लागतो. तिसरी हरकत अधिक वजनदार आहे: पगारी नोकर आले की सेवाभाव आटतो. हा धोका खराच. तरीही १०९८ ही हेल्पलाइन आठवा. जेरू बिलिमोरिया यांनी १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून हा प्रयोग सुरू केला, सरकारच्या पाठबळाने तो देशभर पोहोचला. परिचारिकेने किंवा शिक्षिकेने पगार घेतला म्हणून तिच्या कामातली माया आपण कमी धरत नाही. मग पालावर जाणाऱ्या कार्यकर्त्याकडूनच फुकट त्यागाची अपेक्षा का?

नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. त्या गर्दीत पोटासाठी येणारी कुटुंबेही असतील, हरवणारी आणि पळवली जाणारी मुलेही असतील. घाट, रस्ते आणि निवाऱ्याच्या खर्चात या कार्यकर्त्यांच्या पगाराचा आकडा फार लहान ठरेल. महापालिकेने आणि कुंभमेळा प्राधिकरणाने आताच त्यांची कायम पदे निर्माण करावीत, आज मुलांत काम करणाऱ्यांना त्यात प्राधान्य द्यावे आणि पर्वणी संपल्यावरही ती पदे टिकवावीत. नाशिककरांनी पुढच्या वेळी अशा कार्यकर्त्याला हार घालताना व्यासपीठावरच्या लोकप्रतिनिधींना एवढेच विचारावे, यांचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून निघतो?