ठाऊक होते, पण कोणाला?

भाचा इंग्लंडात असतो. परवा त्याचा फोन आला. "मामा, जुनी पोर्शे ९११ मिळते आहे, २००२ सालची, अगदी स्वस्तात. तू कागदपत्रांतला माणूस, म्हणून विचारतो." आता मी पडलो कला शाखेचा कारकून, स्कूटरवरून हपिसात जाणारा. पण अशी गाडी स्वस्त का, हे विचारायला मेकॅनिक असावे लागत नाही. दोन रात्री त्यात गेल्या आणि डोके तापले ते अजून निवलेले नाही.

साधारण १९९७ ते २००८ या काळातल्या बॉक्सटर आणि ९११ गाड्यांच्या इंजिनात (टर्बो आणि जीटी३ सोडून) एक मधला दांडा असतो. क्रँकशाफ्टची फिरकी तो चेनने कॅमशाफ्टकडे पोचवतो. त्याचे एक टोक मुठीत मावणाऱ्या सीलबंद बेअरिंगवर फिरते. सीलमधून इंजिनाचे ऑइल आत झिरपते, ग्रीस धुऊन निघते, अडकलेले ऑइल नासते आणि गोळ्या झिजतात. मग दांडा डगमगतो, चेनचा मेळ चुकतो, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. संपले इंजिन! सगळ्याच गाड्यांचे असे होत नाही, पुष्कळ गाड्या वर्षानुवर्षे धावतात, हेही खरे. पण आपली कोणती, हे आधी सांगणार कोण? २००९ च्या नव्या इंजिनात तो दांडाच ठेवला नाही. मला तरी ही कबुलीच वाटते.

अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले. २०१३ मध्ये तडजोड झाली, ती ४ मे २००१ ते २१ फेब्रुवारी २००५ या काळात तयार झालेल्या गाड्यांपुरती. त्यातही दहा वर्षे आणि १,३०,००० मैल ही मर्यादा. अकराव्या वर्षी बेअरिंग गेले तर? तोवर गाडी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे असते. शोरूमातून घेणारा श्रीमंत केव्हाच पुढच्या गाडीत बसलेला असतो. (बीएमडब्ल्यू एम३ च्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांचे रामायण वेगळेच. असो.)

यावर ठरलेले उत्तर मिळते, की हे सगळ्यांना ठाऊक आहे, घेणाऱ्याने बघून घ्यावे. सगळ्यांना म्हणजे कोणाला हो? ज्याने दहा ठिकाणी चौकशी केली त्याला. आमच्या गोव्यात जमीन घेताना एक-चौदाचा उतारा काढला की कूळ कोण ते त्यावर दिसते. विकणाऱ्याने "गावाला ठाऊक आहे" म्हटले तर आम्ही त्याला हपिसाबाहेर काढू. दोष माहीत असणे वेगळे आणि कागदावर असणे वेगळे. कागदावर नसलेल्या दोषाचे पैसे नेहमी शेवटचाच माणूस भरतो.

भाच्याला सांगितले, की बेअरिंग बदलल्याची पावती माग. ते क्लच बदलताना, गिअरबॉक्स उतरलेला असतानाच सोयीने बदलतात. तेव्हा क्लचची पावती असून बेअरिंगची नसेल तर का नाही ते विचार. ऑइल फिल्टर कापून आत धातूचे कण आहेत का ते पाहा. आणि "माझ्या माहितीप्रमाणे बेअरिंग मूळचेच आहे" किंवा "बदलले आहे" एवढे एक वाक्य विकणाऱ्याकडून सहीनिशी घे.

काल त्याचा फोन आला. विकणारा म्हणतो, गाडीबद्दल काय हवे ते तोंडी विचारा, लिहून काही देणार नाही.

मी म्हटले, फोन ठेव आणि दुसरी गाडी बघ.