बुडालेली पर्यटन नौका बाहेर काढण्याचा खर्च कोणाचा?

नवी दिल्ली : पर्यटकांची नौका बुडाली की चर्चा होते ती जीवरक्षक जॅकेटांची, क्षमतेपेक्षा अधिक भरलेल्या प्रवाशांची आणि परवान्यांची. तळाशी गेलेली नौका वर कोणी काढायची आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न मात्र बचावकार्य ओसरल्यावरच पुढे येतो. तोपर्यंत उत्तर शोधण्यास उशीर झालेला असतो.

आंध्र प्रदेशातील गोदावरी दुर्घटनेने हे प्रकर्षाने दाखवून दिले. पापीकोंडालूच्या सहलीवर निघालेली ‘रॉयल वशिष्ठ’ ही खासगी नौका १५ सप्टेंबर २०१९ रोजी पूर आलेल्या नदीत कच्चुलुरूजवळ बुडाली. नौका काढण्याचे सुरुवातीचे प्रयत्न जोरदार प्रवाहामुळे थांबवावे लागले. अखेर ३७ दिवसांनी, २२ ऑक्टोबरला, काकीनाडा येथील पथकाने पाणबुड्यांच्या मदतीने ती काठाशी आणली. आत अडकलेले काही मृतदेह तेव्हाच हाती लागले. प्रशासनाने हे काम सुमारे २२ लाख रुपयांना ठेक्याने दिले होते.

अशा प्रसंगी विमा कितपत उपयोगी पडतो? नौकेच्या सांगाड्याचा विमा प्रामुख्याने मालकाच्या मालमत्तेचे रक्षण करतो. नौका वर काढून दुरुस्त करण्याचा खर्च तिच्या मूल्याहून अधिक होत असेल, तर ती पूर्णतः नष्ट झाली असे मानून भरपाई दिली जाते. मालक तिच्यावरील हक्क विमा कंपनीकडे सोपवू शकतो. मात्र तो स्वीकारण्याचे बंधन कंपनीवर नसते. अवशेषांच्या मालकीबरोबर ते हटविण्याची जबाबदारीही येण्याची शक्यता असल्याने कंपन्या सावध राहतात. परिणामी, भरपाई मिळूनही नौका तळाशीच राहू शकते. अवशेष हटविण्याचा खर्च हा उत्तरदायित्वाचा भाग असून त्यासाठी विमापत्रात स्पष्ट संरक्षण असावे लागते.

अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ मध्ये विम्याबरोबरच बुडालेल्या जहाजांचे अवशेष हटविण्याविषयीही तरतुदी आहेत. समुद्रातील अवशेषांसाठी २००७ चा नैरोबी करार आहे आणि भारत त्यात सहभागी आहे. परंतु त्यातील सक्तीचा विमा ३०० टन व त्याहून अधिक एकूण टनभाराच्या जहाजांनाच लागू होतो. पर्यटकांच्या बहुतेक नौका त्याहून कितीतरी लहान असतात.

शिवाय नियम मोडून चालविलेल्या नौकेचा विमा ऐनवेळी निरुपयोगी ठरू शकतो. केरळमधील तानूर येथे ७ मे २०२३ रोजी उलटलेल्या नौकेने २२ जणांचे प्राण घेतले. ती मासेमारी नौकेत फेरबदल करून तयार केलेली होती. नोंदणी, सुरक्षा किंवा प्रवासी क्षमतेच्या अटींचा भंग झाला असल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. मग मालकाकडे पैसा नसतो आणि भार सरकारी तिजोरीवर पडतो.

यावर उपाय अवघड नाही. परवाना देताना वा त्याचे नूतनीकरण करताना प्रवासी उत्तरदायित्वाबरोबरच अवशेष हटविण्यासाठी स्वतंत्र मर्यादेचे विमा संरक्षण अनिवार्य करता येईल. मालकाने अटी मोडल्या तरी विमा कंपनीने आधी खर्च द्यावा आणि नंतर तो मालकाकडून वसूल करावा, अशी तरतूदही त्यात असावी. त्यामुळे तिकिटाचे दर काहीसे वाढतील. पण ठेका कोणी द्यायचा आणि पैसे कोठून आणायचे, या वादात दिवस वाया जाणार नाहीत. नदीकाठी आप्तांच्या पार्थिवाची वाट पाहणाऱ्या कुटुंबांसाठी त्यातला एकेक दिवस मोलाचा असतो.