वग कापणारे हात आपलेच आहेत

चैत्रात आमच्या भागातल्या यात्रांमध्ये तमाशाचा गळा घोटला जातो आणि तो घोटणारे आपण गावकरीच आहोत, हे मी आज स्वच्छ लिहिणार आहे. ज्यांना राग येईल त्यांना येऊ दे. व्यासपीठावर चढून ‘लोककला लोप पावत चालली’ म्हणून गळे काढणारे आणि तमाशातलं नाट्य म्हणजे वग रंगात येत असताना रात्री अकरा वाजता ‘वग बंद करा, गाणी लावा’ अशी चिठ्ठी पाठवणारे, हे एकाच यात्रा कमिटीत बसतात. मी त्यांना नावानिशी ओळखतो. प्रत्येक गावात ते आहेत.

जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात पाडवा झाला की यात्रा सुरू होतात. ज्या गावाचा जो देव, त्याची जी तिथी. मांडव डहाळे, हारतुरे, शेरणी, पालखी, बैलगाडा, आखाडा आणि रात्री तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तमाशाच्या हजेऱ्या. तमाशाशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं आजही आपण म्हणतो. पाडव्याला गावोगावचे कारभारी तमाशा ठरवायला नारायणगावात येतात. तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडलेल्या असतात, बाहेर नावाच्या पाट्या, आत मॅनेजर वही उघडून बसलेला. पूर्वी बसल्या बसल्या विचारणा व्हायची ती वगाची: यंदा कुठला बसवला, सोंगाड्या कोण, ढोलकीवर कोण बसतो? गेल्या काही वर्षांत मी त्या राहुट्यांत ऐकलेला पहिला प्रश्न आहे, ‘पोरी किती आणि कशा आहेत?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांत आमच्याच वारकरी घरांतली माणसं असतात. समोर बसलेल्या मॅनेजरची मुलगी त्याच फडात नाचत असू शकते, एवढंही भान त्यांना राहत नाही.

सुपारी ठरते ती सुद्धा घासाघीस करून. बैलगाड्याच्या बक्षिसाला दुचाकी, ट्रॅक्टर द्यायला गावं एकमेकांशी चढाओढ करतात. शर्यतींवरची बंदी न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये उठवल्यापासून तर शर्यतीच्या घाटावरच्या खर्चाला धरबंधच राहिलेला नाही. शर्यतीला माझा विरोध नाही, बैल हा आमच्याही घरचा जिव्हाळा. पण त्याच गावची कमिटी साठ-सत्तर माणसांच्या फडाला, ज्याला ट्रकचं डिझेल, जनरेटर, स्वयंपाक आणि रात्रीची मजुरी एकाच सुपारीतून भागवायची असते, त्याला पाच हजारांसाठी तासभर ताटकळत ठेवते. वर ‘तुम्हाला आम्हीच जगवतो’ हे ऐकवते.

कोण कुणाला जगवतं, हे एकदा नीट समजून घ्या. दसऱ्याच्या आधी फडमालक कर्ज काढून कलावंतांना उचल देतो. हंगामभर कनातीचे खेळ तिकिटावर होतात, त्यात खर्च कसाबसा निघतो. कर्ज फिटतं ते चैत्र-वैशाखातल्या यात्रांच्या सुपाऱ्यांवर. 2020 चा पाडवा 25 मार्चला होता आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. पुढच्या वर्षी पाडवा 13 एप्रिलला आला आणि दुसऱ्याच रात्री राज्यात पुन्हा निर्बंध लागले. लागोपाठ दोन चैत्र बुडाले. अशी ठोकर खाऊनही फड पुन्हा उभे राहिले, पोरंपोरी पुन्हा घुंगरू बांधून ट्रकात बसल्या. ज्या कलेच्या माणसांत इतकी चिकाटी आहे ती कला मरणाला टेकलेली नाही. तिला रोज रात्री कोण मारतं ते सांगतो.

आमच्या शेजारच्या गावातली गोष्ट. पालखी सातला देवळात आली. तमाशा आठला उभा राहू शकला असता. पण आठला सत्कार सुरू झाले. आजी-माजी पदाधिकारी, देणगीदार, त्यांचे पाहुणे, एकेकाला फेटा, शाल, नारळ आणि प्रत्येकाचे दोन शब्द. कलावंत रंगून-सजून पडद्यामागे उभे. सत्कार साडेनऊपर्यंत चालले. मग गण झाला. गवळण निम्मी झाली तोच पुढच्या रांगेतून आरोळ्या, ‘गाणं, गाणं!’ कृष्ण आणि पेंद्या आत गेले आणि सिनेमातल्या गाण्यांवर नाच सुरू झाला. तो तासभर चालला. अकराच्या पुढे वग लागला, राजा दरबारात आला, त्याने पहिलं पल्लेदार वाक्य टाकलं आणि कमिटीतल्या एकाने चिठ्ठी पाठवली. मॅनेजरने माईकवर सांगितलं, ‘लोकाग्रहास्तव’. मी तेव्हा रंगमंचाच्या बाजूला होतो. पासष्टीच्या पुढचा तो नट आत आला, पत्र्याच्या पेटीवर बसला आणि डोक्यावरचा टोप काढून मांडीवर ठेवला. गालावरचा रंग घामाने ओघळला होता. मी म्हटलं, ‘तात्या, वाईट वाटलं.’ ते म्हणाले, ‘या हंगामात शेवट बोलायलाच मिळालेला नाही.’ साडेअकराला पोलिसांची गाडी आली आणि सगळंच आटोपलं.

आता दोष पोलिसांना द्यायची पद्धत आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. वर्षातले मोजके दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पंधरापेक्षा जास्त नाही. रात्रभर चालणाऱ्या तमाशाला हा नियम जाचतो, यात वाद नाही. यात्रांच्या हंगामात ढोलकीच्या तमाशाला वेगळी सवलत मिळावी, अशी मागणी सर्व गावांनी मिळून करायला हवी. पण ती करण्याआधी सांगा, सत्काराचा दीड तास कोणत्या नियमाने खाल्ला? मिरवणुकीत छाती हादरवणारा डीजे दिवसाढवळ्या लावता, तेव्हा याच नियमांतली दिवसाची आवाजमर्यादा कुठे जाते? आठला गण लावा, साडेनऊला वग लावा. लवकर लागला तर बायका येतील, शाळकरी पोरं येतील, म्हातारी माणसं शेवटपर्यंत बसतील. माझी आजी वग बघायला जायची, घोंगडी घेऊन, बायकांच्या बाजूला. आज आमच्या घरातली एकही बाई तिकडे फिरकत नाही, कारण पुढच्या रांगेत दारू पिऊन नोटा हलवणाऱ्यांना आवरायला कमिटी तयार नाही. बायकांना हाकलून लावलं आपण आणि वर ‘तमाशाला आता घरंदाज प्रेक्षक राहिला नाही’ म्हणतो आपणच.

‘वग कोण बघतंय आता, जुनाट झालेत’ हा दुसरा बचाव. दादू इंदुरीकरांचं ‘गाढवाचं लग्न’ मावळातल्या फडातून उभं राहिलं आणि शहरातल्या माणसाने ते तिकीट काढून पाहिलं. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने वगाच्याच अंगाने नाट्यगृहं भरवली. अण्णाभाऊ साठेंनी याच साच्यातून संयुक्त महाराष्ट्राची हाक घराघरांत नेली. काळू-बाळूंचा ‘जहरी प्याला’ बघायला लोक बैलगाड्या जुंपून जायचे. वगाचा साचा कधीच जुना होत नाही, त्यात आजचा विषय घालावा लागतो. कांद्याच्या भावावर, बिबट्याच्या दहशतीवर, लग्न न जमणाऱ्या शेतकरी पोरावर वग लिहिणारी माणसं फडांत आजही आहेत. पण महिनाभर तालीम करून बसवलेला वग वीस मिनिटांत बंद पडणार असेल, तर नवा कोण लिहील आणि कशासाठी?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं नाव घेतल्याशिवाय आमच्याकडचं एकही भाषण संपत नाही. 1990 साली त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. त्यांची एक गोष्ट सगळे अभिमानाने सांगतात: पोटुशी असताना रंगमंचावर उभ्या होत्या, कळा आल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बाहेर येऊन नाचायला लागल्या. ही गोष्ट ऐकून टाळ्या पडतात तेव्हा मला संताप येतो. नऊ महिने भरलेल्या बाईला उभं राहावं लागलं, कारण खेळ थांबवला असता तर समोरच्या पब्लिकने धुडगूस घातला असता. त्या पब्लिकमध्ये आपले आजे-पणजे होते. तिच्या धीराचं कौतुक करताना त्या निर्दयपणाबद्दल एक शब्द कुणी बोलत नाही. 2002 साली त्या गेल्या, तेव्हा अखेरच्या दिवसांत औषधपाण्याचीही ओढाताण होती.

आणि आजही काय बदललं? तमाशाची कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली ती प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या माणसांनी. त्यांच्या आवाजावर गावाने रात्री जागवल्या, पण त्यांना ओसरीवर कधी घेतलं नाही. आजही फड गावात येतो तेव्हा उतारा मिळतो बंद शाळेच्या पटांगणात. मी बायांना दोन साड्यांचा आडोसा धरून एका बादलीत अंघोळ उरकताना पाहिलं आहे, चाळीस पावलांवर कमिटीच्या अध्यक्षाच्या घरी नळाला पाणी असताना. देवापुढे हजेरी लावायला त्याच बाया चालतात, त्यांचं गाणं देवाला चालतं, आणि आपल्या मोरीत त्यांची बादली चालत नाही. हा विटाळ अजून आपल्या मनात आहे, दुसरं काही कारण नाही.

येत्या पाडव्याला नारायणगावला जाणार असाल तर राहुटीत बसल्यावर आधी वगाचं नाव विचारा. वग शेवटपर्यंत होईल, मध्ये चिठ्ठी येणार नाही, हे गावच्या वतीने कागदावर लिहून द्या. सत्कार सकाळी देवळात उरका. पुढची रांग बायकांना आणि म्हाताऱ्यांना ठेवा, दारू पिऊन येणाऱ्याला गावच्याच पोरांनी बाहेर काढा. फडाला दोन बंद खोल्या, पाणी आणि संडासाची सोय करा. ठरलेले पैसे त्याच रात्री मोजून द्या, हजेरीपर्यंत अडवून ठेवू नका. हे जमणार नसेल तर तमाशा ठरवू नका आणि पुढच्या यात्रेत माईकवर लोककलेचं नावही काढू नका.