गॅरेजची जमीन आणि इपॉक्सीचा लेप

नवा बंगला उभा राहत असताना दिवाणखान्याच्या फरशीवर महिनाभर चर्चा होते; गॅरेजच्या जमिनीचा विचार मात्र सर्वांत शेवटी, तोही ठेकेदारावर सोपवून केला जातो. साधा सिमेंटचा कोबा घातला जातो आणि काही वर्षांतच त्याची धूळ सुटू लागते. गाडीतून ठिबकलेले तेल त्यात मुरते, ते धुऊनही निघत नाही. व्यापारी घरांत तर गॅरेजचा निम्मा भाग मालाच्या खोक्यांनी व्यापलेला असतो. तेथे हीच धूळ मालावर बसते. यावर उपाय म्हणून इपॉक्सीचा लेप सुचविला जातो. नीट केलेला लेप अनेक वर्षे टिकतो. घाईने केलेल्या लेपाचे पोपडे पहिल्याच पावसाळ्यात सुटतात. हा फरक बहुधा डब्यावरील नावामुळे पडत नाही, लेपाखालच्या कोब्यामुळे पडतो.

इपॉक्सी हा नेहमीच्या अर्थाने रंग नव्हे. राळ आणि हार्डनर असे त्याचे दोन भाग असतात. हे दोन्ही एकत्र येताच रासायनिक क्रिया सुरू होते आणि मिश्रण घट्ट होते. घरोघरी ठाऊक असलेल्या अरल्डाइटच्या दोन नळ्यांमागे हेच तत्त्व आहे. म्हणून उत्पादकाने दिलेले प्रमाण तंतोतंत पाळावे लागते. हार्डनर अधिक घातल्याने काम लवकर होते, ही समजूत चुकीची आहे. जास्तीचा भाग क्रियेविना राहतो आणि थर कच्चा होतो. मिश्रण करताना उष्णताही निर्माण होते. बादलीत तसेच ठेवलेले मिश्रण अर्ध्या तासाच्या आसपास, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, वापरण्याजोगे राहत नाही. जेवढे लगेच पसरता येईल तेवढेच कालवावे.

लेपाचा खरा वैरी ओलावा आहे. कोबा दगडासारखा दिसला तरी त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. जुन्या बांधकामांत कोब्याखाली प्लास्टिकचा थर घातलेला नसतो, त्यामुळे जमिनीतील ओल वाफेच्या रूपाने वर येत राहते. उघड्या कोब्यातून ती निघून जाते. लेपाने वाट बंद केली की ती लेपालाच खालून रेटते. याची परीक्षा सोपी आहे. सुमारे 45 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने कोब्यावर बंद करावा आणि किमान 16 तास तसाच ठेवावा. खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला, तर लेप देऊ नये.

महाराष्ट्रात ही परीक्षा पुष्कळदा मे महिन्यात केली जाते आणि जमीन कोरडी असल्याचा निर्वाळा मिळतो. तीच जमीन ऑगस्टमध्ये ओली असते. म्हणून परीक्षा भर पावसाळ्यात घ्यावी आणि काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावे. काम सुरू करण्यापूर्वी परीक्षा पुन्हा एकदा करून घ्यावी. नव्या कोब्याला तर किमान 28 दिवस द्यावेच लागतात. परीक्षेत जमीन नापास झाली, तर आधी बाहेरच्या पाण्याचा उतार आणि पन्हळीची वाट दुरुस्त करावी. तरीही ओल हटत नसेल, तर इपॉक्सीचा आग्रह सोडून सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचे द्रावण कोब्यात मुरवावे. ते सिमेंटमधील चुन्याशी संयोग पावून पृष्ठभाग कठीण करते, धूळ थांबवते आणि वाफेची वाटही मोकळी ठेवते. चकाकी मिळत नाही, पण पोपडेही सुटत नाहीत.

यानंतर घासकाम. कोब्यावरची गुळगुळीत, कमकुवत साय निघाली नाही, तर लेप त्या सायीलाच चिकटतो आणि तिच्यासह उखडतो. हिऱ्याच्या चकत्यांच्या यंत्राने पृष्ठभाग घासून हाताला सँडपेपरसारखा खरखरीत लागेल असा करावा. आम्लाने धुण्याची पद्धत स्वस्त असली तरी ती पृष्ठभागात पाणी आणि क्षार सोडून जाते. तेलाचे डाग घासण्यापूर्वीच तेलनाशक द्रावणाने काढावेत. शेवटी पाण्याचे थेंब टाकून पाहावेत: ते जिरले तर जमीन तयार आहे, मण्यांसारखे वर राहिले तर तेथे अजून तेल आहे. भेगा इपॉक्सीच्या लांबीने भराव्यात. मात्र प्रसरणासाठी मुद्दाम ठेवलेले सांधे कठीण थराखाली झाकू नयेत, ते लवचीक सीलंटने भरावेत.

लेप उतरत्या उन्हात, संध्याकाळी द्यावा. सकाळी कोबा तापत जातो, छिद्रांतील हवा प्रसरण पावते आणि ओल्या थरात बुडबुडे येतात. जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश सेल्सिअस अधिक असावे. प्राथमिक थर, मुख्य थर आणि वरचा थर असा क्रम ठेवावा. ओल्या मुख्य थरावर बारीक क्वार्ट्झ वाळू भुरभुरल्यास पावसाळ्यात पाय घसरत नाही. दारातून ऊन येत असेल, तर वरचा थर पॉलियुरेथेनचा घ्यावा, कारण इपॉक्सी उन्हात पिवळी पडते. साधारण 24 तासांनी चालता येते, पण गाडी आत आणण्यास 7 दिवस थांबणे हिताचे असते. कच्च्या थरावर तापलेले टायर उभे राहिले की थर टायरलाच चिकटून निघतो.

हिशेबाची बाजूही समजून घ्यावी. 10 फूट रुंद आणि 20 फूट लांब गॅरेज म्हणजे सुमारे 18.6 चौरस मीटर. अर्धा मिलिमीटर, म्हणजे 500 मायक्रॉन, जाडीसाठी 100 टक्के घन अंशाचा माल सुमारे 9.3 लिटर लागतो. तोच माल 50 टक्के घन अंशाचा असेल, तर उरलेला भाग उडून जातो आणि तेवढ्याच लिटरांत जाडी निम्मीच उरते. म्हणून दरपत्रकात केवळ थरांची संख्या पाहू नये. सुकल्यानंतरची जाडी, घन अंशाचे प्रमाण आणि घासकामाची पद्धत या तीन गोष्टी लेखी मागाव्यात. त्याशिवाय दोन दरांची तुलना होऊच शकत नाही.

दरपत्रकात एक ओळ क्वचितच आढळते, ती कारागिरांच्या संरक्षणाची. कोबा घासताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुफ्फुसांत साचून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. धूळ खेचणारे यंत्र आणि योग्य दर्जाची मुखपट्टी नसेल, तर हे काम सुरूच होऊ देऊ नये. तोंडाला बांधलेला रुमाल पुरेसा नाही. कच्ची राळ आणि हार्डनर त्वचेला वारंवार लागल्यास अॅलर्जी जडते, आणि एकदा जडली की ती बहुधा जन्मभर राहते. असा कारागीर त्या धंद्यातून कायमचा बाद होतो. हात थिनरने पुसणे अधिकच घातक. हातांत नायट्राइलचे मोजे आणि शेवटी साबण-पाणी हवे. यंत्र, मुखपट्टी आणि मोजे यांचा खर्च मालकाने दरपत्रकात स्वतःहून लिहवून घ्यावा. दर खाली आणण्याची वेळ येते तेव्हा ठेकेदार प्रथम हाच खर्च कापतो, आणि तो कापला गेल्याचे चकचकीत जमिनीवर कोठेही दिसत नाही.