पोकेमॉन : सुरुवात पहिल्यापासूनच करा

मित्रांनो, पोकेमॉनचा व्हिडिओ गेम नव्याने खेळणारा बिचकतो. प्राणी हजाराच्या वर, खेळ ढीगभर! कुणी म्हणतं, "सगळ्यात नवा घे." मला हे पटत नाही.

१९९६ साली जपानमध्ये निघालेल्या पहिल्या खेळात प्राणी १५१च होते. तेवढे लक्षात राहतात. तोच खेळ २००४ साली 'फायररेड' आणि 'लीफग्रीन' या नावांनी रंगीत होऊन पुन्हा निघाला. नवख्याने तिथूनच सुरू करावे.

आधी तीन प्राण्यांतून एक निवडायचा असतो. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी, गवत पाण्याला भारी. पुढे पहिला सामना दगडवाल्या ब्रॉकशी, दुसरा पाणीवाल्या मिस्टीशी. गवताचा बल्बासॉर दोघांनाही पुरून उरतो. आगीचा चारमँडर रुबाबदार खरा, पण तिथं त्याची दमछाक होते.

पालकांनो, यात बोटांची घाई नाही. बुद्धिबळासारखी आपली पाळी आली की विचार करून चाल करायची.

आणि मित्रांनो, ज्याला काही ठाऊक नाही त्याला हसू नका. त्याला पहिली पायरी दाखवा. पुढचा जिना तो आपला आपण चढेल!

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी