आमच्या मागे याचे कोण?

मुलगा चाळिशीला आला तरी त्याची बटणे आईच लावते, अशा घराला एकच प्रश्न झोपू देत नाही : आमच्या मागे याचे कोण?

मुळशी तालुक्यात कोळवणला 1994 पासून ‘साधना व्हिलेज’ आहे. बौद्धिक अपंगत्व असलेली प्रौढ माणसे तेथे घरच्यासारखी राहतात, झेपेल ते काम करतात. पण अशा जागा थोड्या. बाकीच्यांचे काय?

त्यांच्यासाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. मूल सज्ञान झाल्यावरही जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून त्याला कायदेशीर पालक नेमून घेता येतो. ‘निरामय’ योजनेत 1 लाखापर्यंत आरोग्यविमा आहे. सारे आहे, पण मी पडलो मराठीचा मास्तर, मला हे क्रियापद नसलेल्या वाक्यासारखे वाटते. ही सोय घरापर्यंत नेणार कोण? आज म्हातारी आईच कचेऱ्यांचे उंबरठे झिजवते.

वाचकहो, गणपतीची वर्गणी एकही घर न चुकवता गोळा करणारी माणसे आपल्या प्रत्येक आळीत आहेत. त्यांतल्या एकाने अशा दोन-चार घरांचे दाखले, अर्ज, तारखा वर्षभर सांभाळल्या तर? मात्र हे आईबाप आहेत तोवरच व्हायला हवे. नंतर त्या मुलाच्या वतीने बोलायला कोणी उरत नाही.